वारंवार पोट दुखणारे मूल आणि शाळेतील नर्सबाई

सोमवारी पहिल्याच तासाला एक मुलगा शाळेच्या नर्सबाईंकडे येतो. पोटात दुखते म्हणतो. ताप नाही, जुलाब नाहीत. बाई त्याला ओव्याचे पाणी देतात, घटकाभर निजवतात आणि वर्गात धाडतात. गुरुवारी तो पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला बाईंनी काय करावे, याचे शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे असे आम्हांला वाटते.

शाळेत नर्स नेमण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्क शहरात १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेवर चार शाळा सोपवल्या. त्या काळी नायटा, उवा, खुपऱ्या यांपायी मुलांना घरी पाठवीत आणि ती तिकडेच राहत. बाईंनी शाळेत औषध लावले, घरी जाऊन आयांना समजावले आणि मुले पुन्हा वर्गात दिसू लागली. आता मुलाला शाळेपासून तोडणारी दुखणी बदलली आहेत. मनाच्या आजारांपैकी निम्मे वयाच्या १४ वर्षांपर्यंत सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतकरी व शेतमजूर यांच्या आत्महत्यांविषयी आपण नेहमी ऐकतो. सरकारी नोंदीत २०२२ साली त्या ११,२९० होत्या. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या १३,०४४. हा आकडा आम्ही दोनदा वाचला.

नर्सबाईंना मनाचे डॉक्टर करायचे नाही. ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर यांनी पती टोनी जॉर्म यांच्यासह मानसिक प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. बेटीबाईंनी स्वतः नैराश्य सोसले होते. हाड मोडले की डॉक्टरकडे नेईपर्यंत आपण फळी बांधतो, तसाच हा उपचार.

आधी शरीर तपासावे. जंत, रक्त कमी असणे, डोळ्यांचा नंबर, सकाळी उपाशी येणे, हे सगळे पाहून घ्यावे. काही निघाले नाही तर वही उघडावी. मूल कोणत्या वारी येते, कोणत्या तासाला येते? गणिताच्या तासाला, की मधल्या सुट्टीआधी, जेव्हा मोठी मुले त्याला गाठतात? मग बाजूला बसून विचारावे, झोप लागते का, डबा खाल्लास का, घरी कसे चालले आहे. आणि गप्प राहावे. हे गप्प राहणेच शिकायला सर्वांत कठीण. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे वाक्य तर तोंडातून जाऊच नये.

मूल फारच खचलेले दिसले तर सरळ विचारावे, ‘जीव नकोसा वाटतो का? मरावेसे वाटते का?’ विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल ही भीती पुष्कळांना वाटते. ती खरी नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मूल मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. पापनिवेदनाचे गुपित पाळणे आम्हां धर्मगुरूंना बंधनकारक आहे. नर्सबाईंना तसे बंधन नाही. त्यांनी आईबापांना बोलवायचे आहे आणि डॉक्टरांना कळवायचे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते. तिथे मराठीतही बोलता येते.

कोणी म्हणेल, आपल्या शाळेत नर्स कुठे आहे? रास्त आहे. पुष्कळ शाळांत हे काम मास्तरांच्याच गळ्यात पडते. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी शाळांत हे पडताळून पाहिले. काही शाळांत साधीच माणसे शिकवून समुपदेशक म्हणून नेमली, काहींत तेच काम शिक्षकांना दिले. पहिल्या शाळांतील वातावरण सुधारले, मारामारी व दांडगाई कमी झाली, मुलांचे नैराश्य उतरले. शिक्षकांकडून तसा गुण आला नाही. शिक्षकांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या हाती छडी आणि गुणपत्रिका आहे त्याच्यापाशी मूल कसे मोकळे होणार? म्हणून नर्स नसेल तर एखादी शिकलेली गृहिणी किंवा निवृत्त परिचारिका तयार करावी. मात्र दोन दिवसांचा वर्ग करून तिला वाऱ्यावर सोडू नये. असली दुःखे ऐकणाऱ्यालाही महिन्यातून एकदा कोणापाशी तरी बोलायला हवे.

एक प्रश्न नर्सबाईंनी आपल्यासारख्या शेतकरी पालकांना विचारलाच पाहिजे: फवारणीचे औषध घरात कुठे ठेवता? गोठ्याच्या वळचणीला, माळ्यावर की खाटेखाली? मरणाची ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळी विष हाताशी नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी येऊ लागली आणि २० वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आत आले. तेव्हा डबा कुलपात ठेवावा, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला असावी, आणि शाळेतून चिठ्ठी आली तर लावणीचे दिवस असले तरी आईबाप दोघांनीही जावे.