आकार घटवा, अक्षर राखा

घरातली जुनी कागदपत्रं स्कॅन करून ठेवण्याची चांगली सवय आता अनेकांना लागली आहे. आजोबांच्या लग्नातलं छायाचित्र, जमिनीचं खरेदीखत, मोडीतली एखादी वही. अडचण येते ती नंतर. स्कॅनरनं बीएमपी किंवा टिफ स्वरूपात दिलेल्या फाइली इतक्या अवजड असतात की त्या ई-मेलला जोडता येत नाहीत आणि पेन ड्राइव्ह बघता बघता भरतो. मग कुणीतरी सांगतं, ‘सगळं जेपीजी करून टाका.’ छायाचित्रांसाठी हा सल्ला उत्तम आहे. अक्षरांच्या कागदांसाठी मात्र तो नुकसानीचा ठरू शकतो.

मुळात फाइल एवढी मोठी का होते? ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला, की रुंदीत २,४८० आणि उंचीत ३,५०८ पिक्सेल मिळतात. म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. गुणाकार केला की २६ एमबी होतात. असंपीडित फाइल प्रत्येक पिक्सेलची स्वतंत्र नोंद ठेवते, त्यामुळे कागद कोरा असला तरी आकार तेवढाच. ६०० डीपीआयला तोच कागद १०४ एमबीवर जातो.

हा भार कमी करण्याचे मार्ग दोन. पहिल्यात काहीही गमवावं लागत नाही. पुन्हा पुन्हा येणारे आकडे थोडक्यात लिहायचे, एवढंच. १९९६ साली आलेलं पीएनजी हेच करतं, आणि टिफच्या आतही एलझेडडब्ल्यू पद्धतीनं असं संपीडन करता येतं. उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. पण स्कॅन केलेल्या छायाचित्रात शेजारशेजारचे पिक्सेल किंचित वेगळे असतात. तिथे पुनरावृत्ती कमी, म्हणून बचतही कमी.

दुसरा मार्ग जेपीईजीचा, म्हणजेच जेपीजी फाइलींचा. त्याचं प्रमाण १९९२ साली ठरलं. त्याच्या गाभ्याशी असलेलं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांना सुचलं. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरीही त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज आपण मोबाइलवर पाहतो त्या असंख्य छायाचित्रांमागे ते काम उभं आहे.

जेपीईजी आधी रंग आणि उजेड वेगळे करतं. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा एक चतुर्थांशच ठेवली जाते. एवढ्यानंच निम्मा भार उतरतो. मग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि चौकोनातल्या ६४ आकड्यांचं रूपांतर नव्या ६४ आकड्यांत होतं. त्यातला पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे अधिकाधिक बारीक चढउतार. प्रत्येकाला ठरलेल्या संख्येनं भागून उत्तर पूर्णांकात घेतात. प्रमाणातल्या नमुना तक्त्यात पहिला भाजक १६ आहे, शेवटचा ९९. म्हणजे ३२० चे होतात २०, आणि उघडताना १६ ने गुणून ३२० परत मिळतात. पण शेवटच्या जागी ७ असतील तर ९९ ने भागल्यावर शून्य उरतं. त्याला कितीही वेळा गुणलं तरी ते ७ परत येत नाहीत.

चेहरा, आभाळ, झाडी यांत ही हानी जाणवत नाही. अक्षराचं तसं नाही. शाईची कड म्हणजेच तीव्र, बारीक चढउतार, आणि नेमक्या त्यांनाच मोठा भाजक लागतो. त्यामुळे क्वालिटी फार उतरवली की रेघेभोवती करडी धूळ दिसू लागते. फिकट शाईच्या मोडी कागदात एका वळणानं अक्षर बदलतं, तिथे ही धूळ वाचणाऱ्याला चकवते. शिवाय जेपीजीत फेरफार करून ती पुन्हा पुन्हा सेव्ह केली, तर नुकसान साचत जातं. पुढे तिची पीएनजी केली म्हणून गेलेलं परत येत नाही.

म्हणून दस्तऐवजांसाठी पीएनजी किंवा संपीडित टिफ वापरा, छायाचित्रं पाठवायला चांगल्या क्वालिटीची जेपीजी. ऑनलाइन अर्जात ५० केबीची मर्यादा असेल, तर क्वालिटी पार खाली न आणता आधी लांबी-रुंदीचे पिक्सेल कमी करा, चेहरा स्वच्छ राहतो. इर्फानव्ह्यूसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये बॅच कन्व्हर्जननं शेकडो फाइली एका दमात बदलता येतात. नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या आणि मूळ फाइली दोन ठिकाणी जपून ठेवा. आधी एकच कागद बदला, पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडा आणि सगळ्यात फिकट ओळ वाचून पाहा. ती नीट वाचता आली, की मगच बाकीच्या फाइलींना हात लावा.