ग्रास कटरच्या टाकीतलं ई-20

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रास कटरची घरघर सुरू होते. हंगाम सरला की यंत्र मांगरात जातं, बहुतेकदा टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. पुढच्या वर्षी दोरी ओढून हात भरून येतात, पण ते काही सुरू होत नाही. दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो, टाकीत शिळ्या झालेल्या पेट्रोलचा असतो.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायला 2003 मध्ये सुरुवात झाली. 2022 मध्ये प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. साखर कारखान्यांना त्याचा आधार झाला, हे खरंच आहे. नव्या गाड्या या मिश्रणासाठी बनवल्या जातात. पण पाठीवरचे फवारणी पंप, जुने जनरेटर, पॉवर वीडर यांची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. काचेच्या मोजपात्रात 100 मिली ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि 10 मिली पाणी घालून हलवलं आणि थोडा वेळ ठेवलं, तर तळाचा थर 10 ऐवजी सुमारे 30 मिली दिसतो. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरलेलं असतं. दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिलेल्या टाकीत हेच घडू शकतं.

टू-स्ट्रोक यंत्राला त्याचा फटका सर्वांत जास्त. त्याच्या पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि नळी मात्र तळाचं पाणी-इथेनॉल ओढते. अशा वेळी इंजिन सुरू झालंच, तर पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो.

शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. गाडीचा सेन्सर त्यानुसार इंधन वाढवतो. साध्या कार्ब्युरेटरला ती सोय नाही, म्हणून इंजिन जास्त तापतं. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगतात किंवा कडक होतात.

अमेरिकेत 10 टक्क्यांहून जास्त इथेनॉलचं पेट्रोल अशा छोट्या इंजिनांत वापरायला कायद्यानेच मनाई आहे.

उपाय महाग नाहीत. लागेल तेवढंच पेट्रोल आणावं, ऑइलही तेवढ्यालाच मिसळावं. काम संपलं की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा. नळ्या बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्याच मागाव्यात. वर्षभर पडून राहिलेलं पेट्रोल यंत्रात घालू नये.

शेतकऱ्याने एवढं केलं तरी अर्धं काम उरतंच. हे यंत्र किती टक्के इथेनॉल झेपवतं, ते कंपन्यांनी टाकीवर ठळक मराठीत छापावं, आणि नवं यंत्र घेताना ग्राहकाने तो आकडा विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.