‘माहिती घेऊन सांगतो!’

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य तुम्ही कॉलेजच्या हॉस्टेलवर कधी ना कधी ऐकलं असेलच. आम्ही परभणीकर ते छाती फुगवून म्हणतो आणि ‘का रे बाबा?’ असं विचारलं की विषय बदलतो. पण आमच्या गावाची खरोखर ऐकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. मे २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात परभणी महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापौर नाही, स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभेतला गोंधळही नाही.

एप्रिल २०१७ मध्ये निवडून आलेल्या ६५ जणांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा गुंता कोर्टात अडकला आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘आता निवडणुका घ्या’ असं बजावलं, आणि १५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं. हे काही एकट्या परभणीचं दुखणं नव्हतं. मुंबई-पुण्याचीही तीच कथा. त्या दिवशी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं.

सो व्हॉट? असं तुम्ही म्हणाल. नगरसेवक नाहीत तर उलट बरंच, फ्लेक्स कमी लागतात! मीही असंच म्हणायचे. पण कुठल्याही महापालिकेची सभा एकदा आठवून पाहा. कोणीतरी उभं राहतं, आवाज चढवतं, ‘आरोग्याधिकारी कुठे आहेत? अग्निशमन अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावं!’ मग एक साहेब फाइल चाळत उठतात आणि म्हणतात, ‘माहिती घेऊन सांगतो.’ आपण हसतो. पण ते वाक्य सभेच्या इतिवृत्तात जातं. पुढच्या सभेत कोणी चिवट असेल तर विचारतो, घेतली का माहिती? प्रशासकाच्या काळात ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि अंमल करणाराही तोच. प्रश्न कोण कोणाला विचारणार?

विरारचं बघा ना. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली आणि १५ पेशंट गेले. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२० मध्येच संपलेली होती. तिथेही प्रशासकच! नगरसेवक असते तर आग लागली नसती, असा माझा अजिबात दावा नाही. पण त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं दगावली होती, आणि राज्यभर ‘फायर ऑडिट करा’ असे आदेश सुटले होते. मधल्या साडेतीन महिन्यांत ‘आपल्या गावातल्या हॉस्पिटलांचं काय?’ हे भर सभेत विचारायला विरारमध्ये कोणी नव्हतं.

आता थोडं घरचं. दोन वर्षांपूर्वी बाबांना डेंग्यू झाला. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले, सकाळी गावातल्या एका नर्सिंग होममध्ये पोहोचले. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, जिना एकच आणि त्यातला अर्धा चपलांनी अडवलेला. कोपऱ्यात लाल सिलिंडर होता. त्यावरच्या स्टिकरवरची तारीख कधीच उलटून गेली होती. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, ते सरांना विचारा.’ सर राउंडला होते. प्लेटलेट्सच्या आकड्यांत मीही तो सिलिंडर विसरून गेले. बाबा बरे होऊन घरी आले, तेव्हा कुठे डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग कळलं की उत्तरं बऱ्यापैकी कायद्यातच आहेत. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ‘बी फॉर्म’ द्यायचा असतो. यंत्रणा चालू आहे, याचं ते प्रमाणपत्र. (एजन्सीला पैसे मालकच देतो, हा त्यातला विनोद!) आणि महापालिका हद्दीतल्या खासगी हॉस्पिटलची नोंदणी होते महापालिकेच्याच आरोग्य विभागाकडे, दर तीन वर्षांनी नूतनीकरणासह. म्हणजे हॉस्पिटलांची यादी एका विभागात, बी फॉर्म दुसऱ्या विभागात, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच इमारतीत! या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाचा फॉर्म आलेला नाही ते अर्ध्या तासात कळेल. एक्सेलमध्ये हे काम तुम्ही आम्ही रोज करतो.

हाच प्रश्न कोचिंग क्लासला लागू, लॉजला लागू, मंगल कार्यालयाला लागू. सुरतमध्ये मे २०१९ ला क्लासच्या इमारतीत २२ जणांचा जीव गेला. कमला मिलच्या रूफटॉपवर डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले, त्यांतले बरेचसे आपल्याच वयाचे. आमच्या जिल्ह्यात तर मानवत, सेलूकडे कापसाचं जिनिंग आहे. रुईच्या गंजीला लागलेली आग वरून विझल्यासारखी वाटते आणि आत धुमसत राहते. उन्हाळ्यात पारा ४४च्या पुढे गेल्यावर काय होत असेल, विचार करा.

डेंग्यूचं गणित आणखी गमतीचं आहे. सभेत विषय निघाला की अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर, ‘फॉगिंग चालू आहे.’ फॉगिंगने उडणारे डास तेवढे मरतात. पाण्यातल्या अळ्यांना त्या धुराशी काही देणं-घेणं नसतं. एडिस डासाचं अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, भांडी रिकामी करून घासा, असं सांगतात. घासायचं अशासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहू शकतात. सगळं मान्य! पण परभणीने वर्षानुवर्षं आठवड्याहून जास्त दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येताना पाहिलंय. येलदरी धरण भरलेलं असो वा नसो, आमच्या अंगणात ड्रम, हौद आणि टाक्या भरलेल्याच. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना आधीचं ओतून देण्याइतकं मोठं मन कोणाचं असणार? म्हणजे डेंग्यूबद्दल खरा प्रश्न आरोग्याधिकाऱ्यांइतकाच पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला विचारायला हवा. आणि ‘फवारणी किती केली’ यापेक्षा ‘शंभर घरं तपासली तर किती घरांत अळ्या सापडल्या’ हे विचारायला हवं.

प्रश्न कसा विचारतात, यानेही फरक पडतो हो. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबर २०२३ ला चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं. परभणीचे पेशंटही गंभीर झाले की तिकडेच नेतात, त्यामुळे आमच्याकडे घराघरात टीव्ही चालू होता. दोन दिवसांनी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. व्हिडिओ सगळीकडे फिरला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला. मुंबई हायकोर्टाने मात्र स्वतःहून दखल घेतली आणि पदं किती मंजूर, किती रिकामी, औषधखरेदीचं काय, अशी विचारणा केली. संडास घाण होता हे खरंच असेल. पण झाडूच्या व्हिडिओतून रिकामी पदं दिसत नाहीत.

आता नगरसेवक परत आलेत. कायद्यानुसार सर्वसाधारण सभा महिन्यातून निदान एकदा व्हायलाच हवी, आणि नगरसेवकाला आधी लेखी नोटीस देऊन प्रश्न विचारता येतो. आपल्यासारख्यांना दहा रुपयांत माहिती अधिकार आहेच, तीस दिवसांची मुदत. प्रशासकाच्या काळातही तो होताच म्हणा, फक्त वापरायला वेळ कोणाला होता!

मी गेल्या महिन्यात दोन्ही प्रश्न, हॉस्पिटलांचे बी फॉर्म आणि अळ्यांची घरं, एका कागदावर टाइप करून आईला मेल केले. तिने शेजारच्या काकूंच्या मुलाकडून प्रिंट काढून घेतली आणि थेट नगरसेवकाच्या घरी नेऊन दिली. रात्री तिचा फोन.

‘दिला गं कागद. सभेत मांडतो म्हणाले.’

‘वाचला का त्यांनी?’

‘वाचला की. पण तू पाण्याचं काहीच कसं लिहिलं नाहीस? सगळी गल्ली मलाच विचारायली, पाणी कधी येणार म्हणून.’

‘मग, ते काय म्हणाले?’

‘माहिती घेऊन सांगतो म्हणाले. मी सोमवारी पुन्हा जाणार आहे.’