शीतपेय आणि ताजी भाजी : पोषणाचा हिशेब

जुन्नर व आंबेगाव हे तालुके म्हणजे भाजीपाल्याचे आगर. नारायणगावच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटची रास लागते. तरीही ऐन उन्हात तोडणी करणाऱ्या मजुरास 'ताकद यावी' म्हणून शीतपेयाची बाटली दिली जाते, हे आपण सर्वच वैद्यबंधू पाहतो. या समजुतीचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

साखरयुक्त कोलापेयाच्या 100 मि.लि.मध्ये सुमारे 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे 300 मि.लि.च्या बाटलीत 30 ग्रॅम साखर व सुमारे 120 कॅलरी; तंतू, प्रथिने वा जीवनसत्त्वे जवळजवळ शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचविलेली प्रौढांसाठीची इष्ट मर्यादा, दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, एकाच बाटलीत ओलांडली जाते. तेवढ्याच वजनाच्या टोमॅटोत कॅलरी जेमतेम 60. परंतु क-जीवनसत्त्व, पोटॅशियम व तंतू भरपूर. केवळ कॅलरीने तोलल्यास बाटलीच सरस ठरेल, आणि नेमकी येथेच फसगत होते. श्रमासाठी लागणारी ऊर्जा भाकरीने द्यावी. भाजीचे कार्य निराळे आहे.

तथापि 'भाजी म्हणजे पथ्य' असे सरसकट सांगणेही शास्त्रसंमत नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 27व्या अध्यायात बहुतेक पालेभाज्या गुरु व रूक्ष मानून त्या शिजवून, रस पिळून, स्नेहयुक्त सेवन कराव्यात असे सांगितले आहे. पिळलेल्या पाण्याबरोबर विद्राव्य जीवनसत्त्वे जातात हेही खरे. म्हणून अग्नी उत्तम असणाऱ्यास पिळण्याचा आग्रह धरू नये, मंदाग्नीच्या रुग्णास मात्र कच्च्या कोशिंबिरी लादू नयेत. टोमॅटो संहितांत नाहीच. तो अमेरिका खंडातून आलेला. त्याचा अम्ल रस पाहता अम्लपित्ताच्या रुग्णास तो बेतानेच द्यावा.

2003 मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने शीतपेयांतील कीटकनाशकांचे अंश उघड केले व 2004 मध्ये संयुक्त संसदीय समितीने त्यास दुजोरा दिला. पण फवारणी आपल्याच शिवारात होते, तेव्हा केवळ बाटलीकडे बोट दाखवून चालणार नाही. फवारणी व तोडणी यांत औषधाच्या वेष्टनावर दिलेले अंतर राखावे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, हे शेतकरी रुग्णास आवर्जून सांगावे.

औषधविक्रेत्यांस एक विनंती. अतिसाराच्या बालकासाठी कोणी शीतपेय मागितल्यास ते देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, कोलात सुमारे 100 ग्रॅम साखर. इतक्या साखरेने जुलाब वाढतात. जलसंजीवनीची पुडी द्यावी आणि ती किती पाण्यात मिसळावयाची हे तोंडी सांगावे.