घरच्या संगणकावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम : मार्गाची निवड

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या अनेक प्राध्यापकांच्या घरी कामाचा संगणक एकच असतो. व्याख्यानांची टिपणे, शोधनिबंध, पदोन्नतीच्या प्रस्तावाची कागदपत्रे आणि मुलांची छायाचित्रे असे सर्व काही त्यावरच साठविलेले असते. अशा संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवावयाची झाल्यास कोणता मार्ग स्वीकारावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याचा खरा संबंध या साठविलेल्या सामग्रीच्या सुरक्षिततेशी आहे. प्रस्तुत लेखात उपलब्ध मार्गांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

दोन प्रणालींची गरज :
वाहन उद्योगात रचनेसाठी वापरली जाणारी कॅटिया व सॉलिडवर्क्स ही सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात. याउलट रोबोटिक्सच्या प्रयोगांसाठी लागणारे आरओएस मुख्यत्वे उबुंटू या लिनक्स प्रणालीवर वापरले जाते. अभियांत्रिकीच्या शिक्षकाला त्यामुळे दोन्ही प्रणाली हाताशी ठेवाव्या लागतात. मराठीच्या शिक्षकाची अडचण निराळी आहे. त्याचे जुने लेख श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधील युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. सी-डॅकने २००७ साली प्रसृत केलेल्या ‘बॉस’ या लिनक्स प्रणालीत मराठीची सोय आहे, परंतु ती युनिकोड मराठीची. म्हणजे विंडोज सोडून देणे हा उपाय ठरत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपुष्टात आले आणि टीपीएम २.० ची सोय नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. जुने लेख विंडोजमध्ये आणि इंटरनेटचा वापर लिनक्समध्ये, अशी विभागणी अशा संगणकावर करावी लागते.

उपलब्ध मार्ग :
पहिला मार्ग पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याचा. २००० साली आलेल्या नॉपिक्सने सीडीवरून चालणारी लिनक्स लोकप्रिय केली, त्याचेच हे आजचे रूप होय. आपण सांगितल्याखेरीज हार्ड डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. वायफाय, ध्वनी व प्रिंटर नव्या प्रणालीत चालतात की नाही, हे पाहण्यास ही पद्धत उत्तम. मात्र वेग कमी असतो आणि विशेष व्यवस्था न केल्यास केलेले काम संगणक बंद होताच नाहीसे होते.

दुसरा मार्ग आभासी संगणकाचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विंडोजच्याच एका खिडकीत संपूर्ण दुसरा संगणक चालतो. त्याची हार्ड डिस्क म्हणजे वस्तुतः आपल्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. काही बिघडल्यास ती फाइल काढून टाकावी. मूळ विंडोजला धक्का लागत नाही. येथे अडचण रॅमची येते. उबुंटू २४.०४ साठी ४ जीबी रॅम व २५ जीबी जागेची शिफारस आहे, आणि तेवढी रॅम बाजूला काढूनही विंडोजला पुरेशी उरावी लागते. ८ जीबीच्या संगणकावर हे कसेबसे जमते, ४ जीबीवर प्रयत्नच करू नये. प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद असल्यास ती आधी सुरू करावी लागते. त्रिमितीय चित्रांचे कामही यात मंदावते. म्हणून लिनक्स मुख्य ठेवून सॉलिडवर्क्स आभासी संगणकात चालविण्याचा उलटा प्रयोग सहसा निराशाच करतो. केवळ लिनक्सच्या आज्ञा किंवा सी व पायथनचे पाठ शिकवावयाचे असतील, तर २०१६ पासून विंडोजमध्येच उपलब्ध असलेली डब्ल्यूएसएल ही सोय पुरेशी आहे.

तिसरा मार्ग ड्युअल बूटचा. यात दोन्ही प्रणाली डिस्कच्या स्वतंत्र पार्टिशनमध्ये बसविल्या जातात आणि संगणक सुरू करताना त्यांपैकी एक निवडावी लागते. निवडलेल्या प्रणालीला यंत्राची पूर्ण शक्ती मिळते. विद्यार्थ्यांना हाच मार्ग ‘खरा’ वाटतो. परंतु त्यासाठी विंडोजचे पार्टिशन आक्रसून जागा मोकळी करावी लागते, आणि हे काम मध्येच थांबले तर डिस्कवरील सामग्री वाचता न येण्याचा धोका असतो. या पट्ट्यातील उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते व वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामेही बहुधा त्याच दिवशी काढली जातात. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या काळात नेमक्या गुरुवारी, यूपीएस नसताना, हा उद्योग आरंभिला. वीज गेली आणि प्रश्नावल्यांची संगणकात भरलेली सर्व उत्तरे गेली. वीज जाणार असल्याची सूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात होती. ती न वाचण्याची चूक सर्वस्वी लेखकाची. कागदी प्रश्नावल्या टाकून दिल्या नव्हत्या, म्हणून प्रबंधिका वाचली.

अलीकडील लॅपटॉपमध्ये आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बूटच्या मांडणीत बदल होताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसल्यास स्वतःच्याच फाइली परक्या होतात. तसेच विंडोजची फास्ट स्टार्टअप सोय चालू असता बंद केलेला संगणक पूर्णतः बंद झालेला नसतो. अशा वेळी लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिल्यास फाइली बिघडू शकतात.

निवडीचा क्रम :
प्राध्यापकाच्या घरातील एकुलत्या संगणकासाठी आभासी संगणक वा डब्ल्यूएसएल हाच प्रथम पर्याय मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रॅम अपुरी असेल किंवा यंत्राची पूर्ण शक्ती लागणार असेल, तरच ड्युअल बूटकडे वळावे. तेही शक्यतो दुसरी एसएसडी बसवून, म्हणजे विंडोजच्या पार्टिशनला हात लावावा लागत नाही. नव्या प्रणालीची स्थापना करताना जुन्या डिस्कची जोडणी काढून ठेवल्यास चुकीची डिस्क निवडली जाण्याची भीतीही राहत नाही. एकच डिस्क असल्यास सर्व फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी आणि गुरुवार सोडून अन्य दिवशी, चार्ज केलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस जोडलेल्या संगणकावर कामास प्रारंभ करावा.