क्लच दोषी कीं गिअरबॉक्स?



जुन्या फटफटीचा गिअर नीट पडेनासा झाला, म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. वडील म्हणतात, गिअरबॉक्स गेला. चिरंजीव म्हणतात, क्लच गेला. कारागीर दोघांचेंहि म्हणणें शांतपणें ऐकून घेतो, दोन्ही उघडतो आणि दोहोंचेहि पैसे लावतो. हीं दोन्ही अंगें शेजारीं शेजारीं असतात आणि एकाचा दोष पुष्कळदां दुसऱ्याच्या अंगावर दिसतो. त्यामुळें असा घोटाळा होतो. परंतु पेटी उघडण्यापूर्वीं खरा दोषी कोण, हें ठरविण्यास मोठी विद्या लागत नाहीं. यंत्राला चार प्रश्न क्रमानें विचारावे लागतात, येवढेंच.

उदाहरणासाठीं चार गिअरची जुनी बुलेट घेऊं. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली, आणि तेव्हांपासून ही गाडी आपल्या परिचयाची झाली. तिचा पिंड मात्र विलायतेंतील ‘ट्रायल’ नांवाच्या कसोटींत घडलेला आहे. या कसोटींत वेगाला किंमत नसते. दगडधोंडे, चिखल, ओढे यांतून पाय न टेकतां गाडी काढावयाची; पाय टेकला कीं दोषगुण पडले. १९४८ सालीं इटलींत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटींत बुलेटवरील स्वारांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें जॉनी ब्रिटन यानें स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी याच बनावटीच्या गाडीवर १९५२ व १९५७ सालीं जिंकली. अशा वेळीं स्वार क्लच अर्धा दाबून मुंगीच्या पावलानें गाडी चालवितो. आमच्या भिवंडींत भर पावसाळ्यांत अंजूरफाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंत, खड्डे चुकवीत व मालमोटारींच्या रांगेंतून वाट काढीत जो गेला आहे, त्याला ही कसोटी निराळी समजावून सांगावयास नको. अर्धवट दाबलेल्या क्लचची झीज दोन्हीकडे सारखीच.

आतां रचना पाहूं. जुन्या गिरण्यांत लांब दांड्यावरून पट्ट्यानें यंत्रें चालत. पट्टा मोकळ्या चाकावर सरकविला कीं यंत्र थांबे. पक्क्या चाकावर आणला कीं चाले. क्लचचें काम तेंच. एंजिनाची शक्ति साखळीनें क्लचच्या डब्यास मिळते. डब्यांत एकाआड एक बसविलेल्या क्लचप्लेटा स्प्रिंगांनीं एकमेकींवर दाबलेल्या असतात. मूठ दाबली कीं गिअरबॉक्सच्या पोकळ दांड्यांतून जाणारी सळई हा दाब काढून घेते, प्लेटा सुटतात, आणि एंजिन चालू असूनहि गिअरबॉक्स मोकळा होतो. गिअरबॉक्स म्हणजे दांतेरी चाकांची पेटी. शक्ति जोडणें-तोडणें हें क्लचचें काम, आणि मिळालेल्या शक्तीचें जोर व वेग यांत वांटप करणें हें गिअरबॉक्सचें.

पहिला प्रश्न: क्लच घसरतो काय? कसाऱ्याचा घाट चढतांना एंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाहीं, हें त्याचें लक्षण. परीक्षा घरीं करावी. एंजिन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्यें घालावी, मूठ मोकळी सोडावी व गाडी पुढें ढकलावी. एंजिनाचा अडथळा हातास जाणवला तर ठीक. मागचें चाक सहज फिरलें आणि एंजिन मात्र जागचें हललें नाहीं, तर प्लेटा घसरत आहेत. याच परीक्षेनें आणखी एक भांडण मिटतें. या गाडीच्या किकचा जोर क्लचमधूनच एंजिनास पोंचतो. म्हणून किक रिकामी जात असेल, पण ढकलल्यावर एंजिन फिरत असेल, तर क्लच निर्दोष आहे. किकचे दांते झिजले आहेत. थोडासा घसरणारा क्लच मात्र घरच्या परीक्षेंत उत्तीर्ण होईल. त्याची खरी परीक्षा चढावरच.

दुसरा प्रश्न याच्या उलट: क्लच चिकटतो काय? मूठ पूर्ण दाबूनहि गाडी पुढें सरकूं पाहते, उभ्या गाडींत न्यूट्रल सांपडत नाहीं, पहिला गिअर टाकतांना करकर आवाज होतो. येथेंच निरपराध गिअरबॉक्सवर आळ येतो. एंजिन बंद करून, गाडी किंचित् पुढेंमागें हलवीत गिअर टाकून पाहावे. बंद गाडींत ते सुखानें पडत असतील आणि चालू गाडींतच कुरकुर होत असेल, तर दोष बहुधा क्लचचा समजावा.

घसरणें असो वा चिकटणें असो, उपाय बाहेरून आंत करीत जावे. आधीं केबल पाहावी. मुठीपाशीं २ ते ३ मिलिमीटर सैलपणा असावा. तो मुळींच नसेल तर क्लच घसरतो. फार असेल तर चिकटतो. केबलचा एखादा धागा तुटला असेल तर ती बदलावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेटा तेलानें चिकटतात. सकाळीं एंजिन बंद ठेवून, मूठ दाबून दोनचार किका माराव्या, म्हणजे त्या सुटतात. मग क्लचच्या पेटींतील तेल पाहावें. घर्षण कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलें मोटारीचें तेल येथें घातल्यास चांगल्या प्लेटाहि घसरूं लागतात. येवढें करूनहि गुण न आला, तरच पेटी उघडावी.

तिसरा प्रश्न: आवाज केव्हां थांबतो? गाडी न्यूट्रलमध्यें चालू ठेवून मूठ दाबावी. आवाज थांबला तर तो गिअरबॉक्समधला, कारण त्याचा मुख्य दांडा त्या क्षणीं थांबतो. मूठ दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लच सोडविणाऱ्या सळईच्या भागांत दोष आहे. कांहींच फरक पडला नाहीं, तर एंजिनाकडे अथवा साखळीकडे पाहावें. रस्त्यावरची खूण निराळी. चौथ्या गिअरमध्यें शक्ति मुख्य दांड्यांतून सरळ जाते. खालच्या तीन गिअरांत ती दुसऱ्या दांड्याला वळसा घालून जाते. तिन्हींत घरघर आणि चौथ्यांत शांतता असेल, तर त्या दुसऱ्या दांड्याचीं चाकें व बेअरिंगें तपासावीं.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: पडलेला गिअर आपोआप सुटतो काय? असें झाल्यास पायाचा लिव्हर ढिला आहे काय, तो पूर्ण फिरतो काय, हें प्रथम पाहावें. तेथें दोष नसेल, तर गिअरांना एकमेकांत अडकविणाऱ्या खुंट्यांचे कोपरे गोल झाले असतील, किंवा त्यांना सरकविणारा कांटा झिजला असेल. हा दोष निःसंशय गिअरबॉक्सचा, आणि तो उद्यांवर टाकूं नये. घाट उतरतांना खालच्या गिअरमुळें एंजिनच गाडीला आवरून धरतें. मागें माणूस बसलेला, पुढें वळण, आणि तेवढ्यांत गिअर सुटला, तर सारा भार ब्रेकांवर येतो. जुन्या गाडीचे ब्रेक तापले म्हणजे धरीत नाहींत.

या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून मगच कारागिराकडे जावें. “गाडी बिघडली” असें सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची सगळी गाडी उघडली जाते. “चढावर क्लच घसरतो, केबल व तेल पाहिलें आहे” असें सांगणाऱ्याचा क्लचच उघडला जातो. चांगल्या कारागिराला असें गिऱ्हाईक आवडतें, कारण त्याचा अर्धा दिवस वांचतो. आणि सहज फसवूं पाहणारा कारागीर त्याच्या वाटेस जात नाहीं.