आजोबांचा फ्लॅश आणि शाळेचा कॅमेरा

गेल्या स्नेहसंमेलनापूर्वीं आठ दिवस, डोंगरकड्याहून शाळेंत येणाऱ्या नववींतील एका विद्यार्थ्यानें फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु माझ्यापुढें ठेविली. तो त्याच्या आजोबांचा जुना फ्लॅश होता. हे गृहस्थ कळमनुरी-औंढ्याच्या बाजूस लग्नकार्यांतून फोटो काढीत. आतां ते हयात नाहींत. "सर, संमेलनाचे फोटो ह्याच उजेडांत काढूं या," असा मुलाचा आग्रह. सेल घालतांच फ्लॅश बारीक शीळ घाली व त्याचा तांबडा दिवा लागे. शाळेच्या डिजिटल कॅमेऱ्यावर तो चपखल बसलाही असता. परंतु मीं तो बसवूं दिला नाहीं. मुलगा हिरमुसला. त्या नकाराचें कारण इतरांसही उपयोगी पडेल म्हणून येथें लिहीत आहें.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील ज्या खांचेंत फ्लॅश सरकवितात तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मध्यभागीं धातूचा एक ठिपका असतो. शटर पूर्ण उघडतांच कॅमेरा हा ठिपका व खांचेची धातूची कड विजेनें एकमेकांस जोडतो. मंडल पुरें होतें आणि फ्लॅश उडतो. जोडणी म्हणजे मूळांत एवढेंच. शेजारचे बारीक ठिपके उजेडाच्या मापाचे निरोप नेतात, व ते प्रत्येक कंपनीचे निराळे. म्हणून निकॉनचा फ्लॅश कॅननच्या खांचेंत बसला तरी दोघांची बोली जुळत नाहीं, मधला ठिपका तेवढा काम देतो.

घोटाळा आहे तो ह्या मधल्या ठिपक्यावरच. फ्लॅशच्या पोटांतील कपॅसिटरमध्यें सुमारें ३०० व्होल्टांचा दाब सांठविलेला असतो, आणि पुष्कळशा जुन्या फ्लॅशांत त्यांतील मोठा भाग थेट ठिपक्यावर येतो. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत तेथें धातूच्या दोन पट्ट्या असत. त्या हा मार सोशीत. डिजिटल कॅमेऱ्यांत मात्र त्या जागीं नाजुक इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तरुणपणीं मीं एका स्नेह्याच्या कॅमेऱ्यावर असाच फ्लॅश न तपासतां चढविला होता. पहिला फोटो उत्तम आला. दुसऱ्या वेळीं फ्लॅश गप्प. आणि पुढें त्या कॅमेऱ्यानें कोणत्याच फ्लॅशला इशारा दिला नाहीं. भरपाई करण्यास मला पांच महिने लागले.

म्हणून आम्हीं दोघांनीं प्रयोगशाळेंतील मल्टीमीटर घेतला. तो डी. सी. व्होल्टांच्या वरच्या टप्प्यावर ठेवून, फ्लॅशचा दिवा लागल्यावर, तांबडी तार फ्लॅशच्या पायाच्या मधल्या ठिपक्यास व काळी बाजूच्या धातूस टेंकविली. आंकडा आला २१४! आंतरराष्ट्रीय मानक १०३३० प्रमाणें कॅमेऱ्यानें २४ व्होल्ट सोसावे अशी अपेक्षा आहे. कांहीं कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेंत २५० पर्यंत मुभा दिलेली आढळते. आमच्या पुस्तिकेंत आंकडाच नव्हता, तेव्हां २४ च धरणें भाग होतें. (मुलांनीं फ्लॅश खोलून पाहण्याच्या फंदांत पडूं नये. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्यें वीज राहते व ती जिवावर बेतूं शकते.)

मग आजोबांचा फ्लॅश पेटींतच ठेवावयाचा काय? नाहीं. प्रकाशानें चालणारी एक छोटी चकती बाजारांत मिळते. तिला स्लेव्ह म्हणतात. ती फ्लॅशच्या पायास लाविली कीं कॅमेऱ्याचा स्वतःचा लहान फ्लॅश पाहून मोठा फ्लॅश त्याच क्षणीं उडतो, मध्यें तार नाहीं. आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला. लहान फ्लॅश खऱ्या फोटोपूर्वीं अंदाज घेण्यासाठीं एकदां लुकलुकतो; त्यालाच भुलून मोठा आधीं उडून जाई व चित्र काळें येई. लहान फ्लॅश मॅन्युअलवर ठेवितांच हा खोडसाळपणा थांबला.

वेळ जुळविण्याचा हा प्रश्न पूर्वीं नव्हता. जर्मनींत १८८७ सालीं मीथे व गेडिके यांनीं मॅग्नेशियमची प्रकाशभुकटी पुढें आणिली, तेव्हां भिंग उघडावें, भुकटी पेटवावी व भिंग झांकावें, अशी संथ रीत होती. आतां फ्लॅश बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो, आणि शटरचे दोन पडदे एकामागून एक धांवतात. वेग १/५०० ठेविला तर दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो. दोहोंमध्यें केवळ एक फट सरकत राहते, आणि फ्लॅश त्या फटीपुरताच उजळतो. उरलेलें चित्र काळें! आमच्या कॅमेऱ्यास १/२०० ही मर्यादा आहे.

उजेडाचा हिशेब सोपा निघाला. फ्लॅशच्या पाठीवर आय. एस. ओ. १०० साठीं २८ हा मार्गदर्शक अंक मीटरांत छापलेला होता. त्यास फ्लॅशपासून माणसापर्यंतच्या अंतरानें भागावें. अंतर ७ मीटर असल्यास भिंगाचें छिद्र एफ ४, साडेतीन असल्यास एफ ८. संमेलनाच्या रात्रीं कॅमेरा माझ्याकडे होता, आणि रंगमंचाच्या डाव्या खांबाशीं, नटांपासून ७ मीटरांवर पावलांनीं मोजून, तो मुलगा आजोबांचा फ्लॅश उंच धरून उभा होता.